कॅसेटींचे खोके

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शताब्दीच्या निमित्ताने आपले वाचनालय एक ध्वनिसंग्रह उभारीत आहे. घरातील जुन्या तबकड्या आणि कॅसेटी त्यासाठी द्याव्यात, असे पत्र चिटणीसांनी मला पाठविले. मी उत्साहाने माळ्यावरचे खोके खाली काढले. तीस कॅसेटी निघाल्या. त्यांपैकी अकरांना कंपनीचे छापील वेष्टन होते. उरलेल्या एकोणीसांवर माझेच अक्षर होते. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या खोक्यातच मिळाला.

मी मूळचा नेमावरचा. होळकरांच्या राज्यात नेमावर नावाचा जिल्हा होता. सरकारी चाकरीच्या निमित्ताने आमच्या आजोबांचे बिऱ्हाड सिद्धनाथाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर पडले, ते कायमचेच. समोर नर्मदा, पैलतीरी हंडिया. आता आमच्या जिल्ह्याचे ठिकाण देवास आहे. १९९० च्या सुमारास मी शिक्षणासाठी इंदुरात होतो. तेथे एका गल्लीत कॅसेटी भरून देणारे दुकान होते. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यावी, दुसऱ्या दिवशी भरलेली कॅसेट न्यावी. छापील कॅसेटीच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होई. खानावळीचे पैसे दिल्यावर हातात जे उरे, त्यात एवढेच परवडत असे. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने मी तेथूनच भरून आणली.

कुमारजी त्या काळी देवासला राहत होते. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ साली माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. त्या आजारपणात अंथरुणावरून ऐकलेले माळवी लोकगीतांचे सूर पुढे त्यांच्या गाण्यात उतरले. १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी देवासलाच देह ठेवला. देवास ते इंदूर अंतर ते किती? पस्तीस-छत्तीस किलोमीटर. त्यांच्या गावची बस माझ्या खोलीवरून जात असे. त्यांच्या मैफलीला मी गेलो असतो आणि बिदागीच्या वर्गणीत माझा वाटा न देता पुढे जाऊन बसलो असतो, तर मान खाली गेली असती. गल्लीतल्या दुकानात मात्र मान ताठ होती. उलट, स्वस्तात रत्न मिळविल्याचा आनंद होता. हा फरक मला पस्तीस वर्षे जाणवला नाही, याचे आज नवल वाटते.

कायद्याने या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली, शिक्षा वाढली आणि कॅसेटीवर निर्मात्याचे नाव-पत्ता छापणे सक्तीचे झाले. २००९ साली महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात चित्रफितींच्या चोरांनाही बसविले. २०२३ च्या केंद्रीय दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला. परंतु हे सारे भरून देणाऱ्यासाठी, विकणाऱ्यासाठी. घरी नेऊन ऐकणाऱ्या माझ्यासारख्यास कायदा सहसा काही विचारीत नाही. म्हणून आमचा हिशेब आम्हालाच करावा लागतो, आणि स्वतःचा हिशेब मांडताना माणूस फार उदार असतो.

आमची पहिली सबब कंपनीची. ‘पैसा कंपनीला जातो, कलावंताला काय मिळते?’ ही तक्रार निराधार नव्हती. गायक-वादकांना स्वतःच्या सादरीकरणावर कायदेशीर हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कोणासही लिहून घेता येऊ नये, ही तरतूद तर २०१२ साली झाली. तोवर कित्येकांनी आपली गाणी एकरकमी देऊन टाकली होती. पण कंपनीने थोडे दिले म्हणून मी काहीच देऊ नये, हा न्याय मी कलावंताच्या बाजूने करीत होतो की माझ्या खिशाच्या?

दुसरी सबब मिळत नसल्याची. हिच्याविषयी मी कठोर होऊ शकत नाही. बालगंधर्वांच्या काळातील किती तबकड्या कंपन्यांनी बाजारातून कधीच काढून घेतल्या! संग्राहकांनी एकमेकांना प्रती करून दिल्या नसत्या, तर त्यांतील बरेच गाणे आपल्या कानी पडले नसते. त्या तबकड्यांची साठ वर्षांची मुदतही आता सरली आहे. जे विकायला कोणी ठेवीतच नाही ते जपणे आणि जे समोरच्या दुकानात आहे ते चुकविणे, यांना मी एका तराजूत घालणार नाही. निर्गुणी भजनांची छापील कॅसेट मात्र त्या गल्लीपासून चार दुकाने पलीकडे मिळत होती.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, वाचनालयसुद्धा एक पुस्तक शंभर जणांना वाचायला देतंच की!’ देते खरे. पण वाचनालयाने ते पुस्तक विकत घेतलेले असते, एका वेळी ते एकाच सभासदाच्या घरी असते, आणि हजार प्रतींची आवृत्ती काढणारा मराठी प्रकाशक वाचनालयांच्याच भरवशावर ती काढतो. (पाने फाडून नेणाऱ्या सभासदांविषयी आज बोलत नाही, ग्रंथपाल समोर बसले आहेत.)

आता कॅसेटी गेल्या. मोबाईलच्या दुकानात पेन ड्राइव्ह भरून मिळू लागले. २०१८ च्या दिवाळीत मी नेमावरला होतो. धाकट्या भावाने खातेगावहून असाच एक पेन ड्राइव्ह आणला. त्यात एक नवा मराठी चित्रपट होता, आणि त्याच्या ध्वनिमुद्रणात माझा एक माजी विद्यार्थी साहाय्यक होता. आमच्याकडे मराठी चित्रपट लागतो कोठे? इंदुरात एखादा आठवडा लागला तर लागला. आम्ही सहकुटुंब पाहिला. भाऊ म्हणाला, ‘दादा, “सैराट”सुद्धा २०१६ मध्ये असाच फुटला होता, त्याचं काही बिघडलं का?’ खरे आहे, ‘सैराट’ने उत्पन्नाचे विक्रम मोडले. पण ज्या चित्रपटाचे नशीब पहिल्या आठवड्याच्या दोन-चार खेळांवर ठरते, त्याला ‘सैराट’चा दाखला काय कामाचा? हे मला तेव्हा सुचले नाही.

मी कौतुकाने विद्यार्थ्याला फोन केला. म्हटले, ‘शेवटच्या प्रसंगातला नदीचा आवाज फार सुंदर धरला आहेस रे. आमची नर्मदा आठवली.’ तो क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘सर, त्या प्रसंगात नदीचा आवाज नाहीये. तिथे आम्ही मुद्दाम काहीच ठेवलेलं नाही.’

ती प्रत कोणीतरी चित्रपटगृहात बसून चोरून चित्रित केलेली होती. मी ऐकली ती नर्मदा म्हणजे त्या सभागृहाची घरघर. त्याने मला पुढे काहीही विचारले नाही. ‘वहिनींना नमस्कार सांगा, सर’ म्हणून फोन ठेवला. काही महिन्यांनी तो चित्रपट रीतसर पैसे भरून घरी पाहता येऊ लागला, तेव्हा मी पैसे भरून पाहिला. शेवटचा प्रसंग खरोखर निःशब्द होता. हे त्याला कळवावे असे पुष्कळदा मनात आले. अजून कळविलेले नाही.

चिटणीस महाशय, आपल्या दाखल नोंदवहीत ‘खरेदी’ आणि ‘देणगी’ असे दोन रकाने आहेत. छापील वेष्टनाच्या अकरा कॅसेटी मी आज सोबत आणल्या आहेत. त्या देणगीत लिहून घ्याव्यात. उरलेल्या एकोणीस घरीच आहेत. त्यांतील भजनांची अजून चांगली वाजते.