नाखवा आणि पुलाचा खांब



आपण नगरकर पाण्याची वाट पाहणारी माणसे. आपल्यापुढे जलवाहतुकीवर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु प्रवरासंगमचा गोदावरीवरचा पूल आपण बहुतेकांनी ओलांडला आहे. असा पूल बांधणाऱ्याला मुख्य चिंता महापुराची. पाणी किती चढेल, खांबाखालची माती किती खरवडेल, एवढे त्याने पाहावे. खालून मोठी नौका जायची नसते. खांब जवळजवळ घातले तरी कोणाची तक्रार नाही.

समुद्रावर हा हिशेब पालटतो. तेथे पुलाला दोन धनी, एक वरून जाणारा आणि दुसरा खालून. खालच्याचे माप तर दर फेरीला बदलते! माल भरलेले जहाज खोल बसते, त्याला पाण्याची खोली हवी. तेच रिकामे झाले की वर येते आणि पुलाखाली उंची मागते. भरती आली की ती उंचीही घटते.

रुंदीचेही तसेच. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर वरळीला दोन खांबांत 60 मीटर अंतर ठरले होते. कागदावर ते भरपूर दिसते. पण बैलगाडीला चाकोरी असते, होडीला नसते. वारा आणि लाट तिला आडवी ढकलतात. वरळी कोळीवाड्याचे नाखवे म्हणाले, आमच्या होड्या खांबांवर आपटतील. 2021 साली त्यांनी काम अडवून धरले. त्यांची मागणी 160 मीटरची होती, अखेर 120 मान्य झाले.

भीती अवास्तव नव्हती. 26 मार्च 2024 रोजी अमेरिकेत बाल्टिमोरला ‘डाली’ या सुमारे 300 मीटर लांबीच्या जहाजाची वीज गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला, वर काम करणारे 6 मजूर गेले. तो पूल 1977 सालचा. डालीइतका बोजा वाहणारी कंटेनर जहाजे तेव्हा नव्हतीच.

वरळीला मधला एक खांब गाळावा लागला. खांब गाळला की तुळई लांबते आणि स्वतःच्याच वजनाने वाकू पाहते. म्हणून तिला धनुष्यासारखी पोलादी कमान दिली. बाल्टिमोरनंतर बरोबर एका महिन्याने, 26 एप्रिलला, पहिली तुळई बसली. लांबी 136 मीटर, वजन सुमारे 2000 टन. एवढे धूड रस्त्याने कसे यावे? ते माझगावहून तराफ्यावर लादून, समुद्रातूनच आणले.