दहांतले दोन भाग
(रेडिओवरील भाषण)

चेन्नईहून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला कुंभकोणम् हे गाव प्रत्यक्ष लागण्यापूर्वी कितीतरी मैल अगोदर त्या गावाचे नाव लागू लागते. कारण त्या राजरस्त्याच्या दोहों बाजूंना दर थोड्या अंतरावर ‘कुंभकोणम् डिग्री कॉफी’ अशा पाट्या उभ्या असतात, आणि त्यांवर रंगवलेली पितळेची वाटी व पेला पाहून वाहनचालकाचा पाय आपोआप मंदावतो. ही ‘डिग्री’ कोणती, याविषयी त्या प्रांतात दोन मते आहेत. दुधाचा कस मापकाच्या अंशांवर उतरवून पाहत, आणि ज्यात पाणी नाही त्या दुधाची ती डिग्री, असे एक पक्ष म्हणतो; चिकोरी या शब्दाचाच तमिळ जिभेवर झालेला हा अवतार आहे, असे दुसरा पक्ष सांगतो. आपल्याला त्या कज्ज्यात पडण्याचे कारण नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की ज्या गावाच्या पाट्यांविषयी मी आज बोलणार आहे, त्याच्या नावाची सर्वांत मोठी अक्षरे त्या गावाच्या सरहद्दीबाहेर उभी आहेत, आणि गावाचे नाव असे परमुलखात वापरले म्हणून त्याची पट्टी वसूल करण्याचा अधिकार कुंभकोणच्या नगरसंस्थेस नाही.

तिची सत्ता चालते ती आपल्या हद्दीत. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या क्षेत्रात नगरपालिका स्थापन झाली 1866 साली; 2011 च्या खानेसुमारीत तिच्या हद्दीत 1,40,156 माणसे मोजली गेली, आणि 2021 मध्ये तिला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. तिचा पहिला महापौर झालेला गृहस्थ पेशाने रिक्षाचालक होता, ही गोष्ट मला विशेष आवडते; कारण गावातल्या पाट्या कोणी खरोखर वाचत असेल तर तो रिक्षावालाच, आणि आडवी टांगलेली पाटी वळणावर काय करू शकते हेही त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार!

परंतु पाटीवर एकाच धन्याची सत्ता नसते. कुंभकोणच्या पेठेत पितळी भांड्यांचे, रेशमी वस्त्रांचे किंवा विड्याच्या पानांचे दुकान मांडू पाहणाऱ्याने आपली पाटी लावली की त्या पाटीचा सांगाडा, तिची लांबी-रुंदी, तिचे रस्त्यावर आलेले नाक हा विषय नगरसंस्थेचा होतो. मात्र तिच्यावरील अक्षरे कोणती, कोणत्या क्रमाने आणि किती मोठी, हा विषय कामगार खात्याच्या निरीक्षकाचा असतो. एक अंमलदार लाकूड पाहतो, दुसरा लिपी पाहतो. मजकुरातील शुद्धलेखन पाहण्यासाठी तिसरा अंमलदार अद्याप कोणत्याही सरकारने नेमलेला नाही, हे आपले भाग्य म्हणावे की दुर्दैव, याचा निर्णय मी श्रोत्यांवर सोपवतो.

लाकडाचा, म्हणजे आता लोखंडाचा आणि छापील कापडाचा, कायदा आधी पाहू. मोकळ्या जागा विद्रूप करण्यास मनाई करणारा कायदा तिकडे 1959 साली झाला. मोठमोठ्या जाहिरातफलकांचे परवाने आणि त्यांवरील कर यांचे सविस्तर नियम 2003 साली आले. जाहिरातदारांनी त्यांविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, आणि 2008 मध्ये त्या न्यायालयाने ही बंधने वाजवी ठरवली. 1998 साली संमत होऊनही दीर्घकाळ कागदावरच राहिलेला नागरी स्थानिक संस्थांचा कायदा 2023 मध्ये अंमलात आला, आणि या साऱ्या व्यवहारास नवे घर मिळाले. 2003 च्या त्या नियमांतील एक कलम मात्र कुंभकोणम् डोळ्यांसमोर ठेवून वाचण्यासारखे आहे. शाळा-महाविद्यालये, रुग्णांना ठेवून घेणारी इस्पितळे, रस्त्यांचे कोपरे आणि पूजास्थाने यांच्या समोर फलक उभारू नयेत, असे ते सांगत असे. आता ज्या गावात कुंभेश्वर आहे, शार्ङ्गपाणी आहे, नागेश्वर आहे, रघुनाथ नायकाने बांधवलेले रामस्वामीचे मंदिर आहे, महामहम् तलावाच्या चारी काठांवर मंडपांची रांग आहे, आणि या मोठ्या देवतांच्या सावलीत गल्लीगल्लीतून एखादा पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, ठाण मांडून बसला आहे, तेथे कोणत्याही देवाच्या समोर नाही अशी जागा शोधावयाची कोठे? हे कलम शब्दशः पाळावयाचे तर अवघ्या शहरात मोठ्या फलकाला एखादा कोनाडाच उरावा. गावालगतच्या दारासुरम येथे ऐरावतेश्वराचे चोलकालीन मंदिर आहे. ते 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तेथे केंद्र सरकारचा पुरातत्त्वविषयक कायदा आणखी एक वेढा घालतो: संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य, आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगीवाचून वर्ज्य.

आणि तरीही उत्सव आला की कापडी फलक उगवतात. महामहम् हे तेथले बारा वर्षांनी येणारे पर्व, आपल्या नाशिकच्या सिंहस्थासारखे. मागचे 2016 साली झाले, पुढचे 2028 मध्ये आहे. यात्रेकरूंचे स्वागत करणाऱ्या फलकावर यात्रेकरूंपेक्षा स्वागत करणाऱ्याचे मुख मोठे असते, हा नियम मात्र कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध न होता कन्याकुमारीपासून कोल्हापूरपर्यंत सर्वत्र निष्ठेने पाळला जातो. तात्पुरत्या फलकाच्या तळाशी परवान्याचा क्रमांक, मुदत आणि छापणाऱ्याचे नाव असावे, असे तमिळनाडूचे नियम सांगतात. मुखांच्या गर्दीत त्या ओळीला जागा उरत नाही.

या नियमांकडे आपण सौंदर्यदृष्टीचा एक निरुपद्रवी छंद म्हणून पाहतो. परंतु त्यांच्या मुळाशी सौंदर्य नसून वजन आहे. 12 सप्टेंबर 2019 रोजी चेन्नईच्या पळ्ळिक्करणै भागात, एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नानिमित्त रस्त्याच्या दुभाजकावर बांधलेला फलक सुटून दुचाकीवरून जाणाऱ्या 23 वर्षांच्या मुलीवर पडला, ती रस्त्यावर कोसळली, आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली सापडून गेली. आमच्या मुंबईस घाटकोपरला 13 मे 2024 च्या वादळात जो फलक पेट्रोलपंपावर आडवा झाला, तो 120 फूट लांब आणि तितकाच उंच होता. शहरातील मर्यादा 40 फुटांची. 17 माणसे दगावली. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली होती, आणि पालिकेचा परवाना घेतलेला नव्हता. मघाशी मी पाटीचे दोन धनी सांगितले. धनी दोन असले की राखणदार एकही नसतो, असे कधीकधी घडते.

आता अक्षरांकडे वळू, कारण मला खरे बोलावयाचे आहे ते त्यांविषयी. तमिळनाडूच्या दुकाने व आस्थापना नियमांत, जे 1948 चे आहेत, पंधरावा नियम नामफलकाचा आहे. नाव तमिळमध्ये असावे, अन्य भाषा वापरल्यास त्या तमिळच्या खाली असाव्यात, आणि तमिळ अक्षरांस ठळक व अधिक जागा मिळावी, असा त्याचा आशय. आणि सरकारने पुढे त्या जागेचे प्रमाणही ठरवून दिले आहे. ते असे: तमिळला पाच भाग, इंग्रजीला तीन भाग, आणि दुकानदाराच्या मर्जीतील अन्य भाषेला दोन भाग. दहा फुटांची पाटी घेतली तर पाच, तीन आणि दोन फूट. दुसऱ्याच्या मातृभाषेसाठी किती वीत-बोटे मोकळी ठेवावयाची याचा असा चोख हिशेब मांडलेला पाहून मला त्या अनामिक कारकुनाविषयी आदरच वाटला. जमीनमहसुलात मुरलेल्या हातावाचून अशी वाटणी सुचावयाची नाही.

हे दोन भाग कुंभकोणमध्ये कोणाचे? तेथे पिढ्यान्‌पिढ्या रेशीम विणणारे सौराष्ट्री आहेत, तेलुगू आणि कन्नड बोलणारी घराणी आहेत, आणि श्रोतेहो, आपणही आहोत. व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात तंजावरास गादी स्थापिली, ती 1855 पर्यंत टिकली. आणि तिच्या आश्रयाने दक्षिणेत उतरलेली देशस्थ घराणी तंजावर आणि कुंभकोणम् येथे अशी रुजली की आज तमिळ माणूस त्यांना ‘रायर’ म्हणतो, आणि तोच शब्द कानडी माध्वांनाही लावतो. राजा सर टी. माधवराव याच कुंभकोणमध्ये 1828 साली जन्मले; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. तिरुवनंतपुरम् येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि त्या चौकाला लोक केवळ ‘स्टॅच्यू’ म्हणून ओळखतात; बसच्या पाटीवरही तेवढेच. पुतळा कोणाचा हे सांगण्याची गरज पाटीला वाटत नाही, आणि उतरणाऱ्याला विचारण्याची.

या मराठी घरांतून कोणी दुकान मांडले, तर कायद्याने देऊ केलेले दोन भाग त्याचे आहेत. परंतु मी त्या पेठांतून हिंडलो तेव्हा देवनागरीतील मराठी पाटी माझ्या दृष्टीस पडली नाही. कोणी मनाई केली म्हणून नव्हे. मुभा आहे, पण ती मागावयास कोणी येत नाही. घरात मराठी बोलणारी, पण लिहावयाची वेळ आली की तमिळ लिपी हाती घेणारी ही माणसे आहेत. त्यांच्या पाटीवर मराठीपणाची खूण एवढीच, की नावाच्या शेवटी एखादा ‘राव’ असतो, तोही तमिळ अक्षरांत. तमिळ लिपीत प, फ, ब आणि भ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, त्यामुळे भोसल्यांचा ‘भ’ तेथे ‘प’ च्या वेषात उभा राहतो. उलट आपला ‘ळ’, ज्यासाठी हिंदीच्या दारात आपल्याला ताटकळावे लागते, त्याला तमिळ घरात पूर्वीपासून स्वतःचा पाट मांडलेला आहे.

तेथून अवघ्या पंचवीस मैलांवर, तंजावरच्या बृहदीश्वराच्या प्राकारात, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांच्या कुळाचा सारा इतिहास देवनागरी अक्षरांत, मराठीत, भिंतीवर कोरवून घेतला. इतकी लांबलचक मराठी शिळेवर क्वचितच कोठे चढली असेल. आजच्या नियमांच्या कसोटीस लावले तर ते पूजास्थानातील, अतिविशाल, तमिळचे पाच भाग न राखलेले लेखन ठरेल! राजाला परवाना लागला नाही. आणि आता त्या भिंतीस हात लावावयाचा तर पुरातत्त्व खात्याचा परवाना लागेल. एकाच दगडावर कायद्याच्या दोन युगांची अशी गाठ क्वचितच पडते.

मात्र कुंभकोणमध्ये मराठी नाही, असे म्हणण्याची घाई करू नये. जवळच गोविंदपुरम येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले आहे, आणि तमिळ भागवत मंडळी टाळ-मृदंगाच्या साथीत आपले अभंग तेथे गातात. त्यांच्यापैकी पुष्कळांना देवनागरी वाचता येत नाही. अभंग त्यांच्या हाती तमिळ अक्षरांत असतो, आणि मुखावाटे तो आपल्यापर्यंत मराठी होऊन येतो. कामगार खात्याचा निरीक्षक तेथे आला तर त्याला मोजावयास काही सापडणार नाही.

आपल्याकडचे चित्र याच्या उलट बाजूने पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर अन्य अक्षरांहून लहान नसावे असे ठरले, आणि मद्याच्या दुकानास थोर पुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई झाली. 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि माटुंग्याच्या दक्षिणी उपाहारगृहांनीही रंगाऱ्याला बोलावले. कुंभकोणचा राव जे पाच भाग तमिळला देतो, ते माटुंग्याचा अय्यर मराठीला देतो. दोघांच्याही तोंडी तक्रार मी ऐकलेली नाही, तक्रार करणारे बहुधा मोठ्या काचेच्या दुकानांचे मालक असतात. आणि अकोला जिल्ह्यातील पातूर येथे नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या खाली उर्दू असावी की नसावी, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती राहू दिली. पातूरच्या उर्दूला जे लढून राखावे लागले, ते कुंभकोणच्या मराठीला न मागता देऊ केलेले आहे आणि पडून आहे.

रात्रीच्या गाडीने मी परत निघालो, तेव्हा स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाचे नाव तीन लिप्यांत होते: तमिळ, देवनागरी आणि इंग्रजी. ती देवनागरी मराठीची नव्हे, हिंदीची; आणि रेल्वेचे आवार असल्यामुळे नगरसंस्थेचा नियमही तेथे लागू नाही. याच अक्षरांवर 1952 साली पेरियारांच्या अनुयायांनी स्थानकास्थानकावर डांबर फासले होते, आणि पुढच्या वर्षी दालमियापुरम् स्थानकाच्या पाटीवर कल्लक्कुडी हे जुने नाव यावे म्हणून करुणानिधी रुळांवर आडवे झाले होते. माझ्या डब्यात एक वृद्ध रायर दांपत्य चढले. सामान लावताना ते एकमेकांशी जुन्या वळणाच्या मराठीत बोलत होते. गाडी हलली, फलक खिडकीसमोरून सरकू लागला, आणि आजींच्या मांडीवरच्या नातवाने बोट लावून त्याच्यावरची वरची ओळ, तमिळ ओळ, मोठ्याने वाचली.