लव्हाळ्याची जमीन



कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची सुमारे ५,४०० फूट. आता अशी कल्पना करा, की या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली आणि तिच्याही डोक्यावरून आपण आणखी सतराशे फूट चढून गेलो. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या कुशीत, इतक्या उंचीवर एक अफाट सरोवर पसरलेले आहे. टिटिकाका त्याचे नाव. पेरू आणि बोलिव्हिया या दोन देशांत ते विभागले आहे, आणि त्याचा विस्तार साधारण आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढा आहे. आज आपल्याला तिथे जायचे आहे, आणि तेही मोटारसायकलवरून.

निघायचे पेरूमधल्या अरेकिपा शहरातून. हे शहर सुमारे साडेसात हजार फुटांवर आहे. तिथून सरोवराकाठचे पुनो गाव तीनशे किलोमीटरांच्या आसपास. अंतर फार नाही, पण चढ मोठा. वाटेत रस्ता तेरा हजार फुटांच्याही वर जातो. हवा विरळ होते, आणि पेट्रोल जळायला तर हवा हवीच. सरोवराच्या उंचीवर गाडीचा सुमारे तिसरा हिस्सा जोर कमी झालेला असतो. जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरची गाडी काळा धूर ओकू लागते, कारण पेट्रोल तेवढेच आणि हवा कमी. गाडीला जशी धाप लागते, तशी स्वारालाही. डोके ठणकते, मळमळते. तिथले लोक या विकाराला ‘सोरोचे’ म्हणतात आणि कोकाच्या पानांचा काढा घेतात. खरा उपाय मात्र एकच : घाई करायची नाही. अरेकिपात दोनतीन दिवस राहून मगच वर चढावे.

वर पोहोचल्यावर लागते ते विस्तीर्ण पठार. झाड जवळजवळ नाहीच. पिवळे गवत, मातीच्या विटांची घरे, अल्पाकांचे कळप. आणि बटाट्याची शेते! आपल्या उपवासाला चालणारा बटाटा मूळचा याच मुलखातला, बरं का. हजारो वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी रानटी कंद माणसाळवला. आपल्याकडे तो आला पोर्तुगीजांबरोबर, आणि ‘बटाटा’ हा शब्दही त्यांच्याकडूनच आला. इथले लोक रात्रीच्या हिवात बटाटे गोठवतात, दिवसा उन्हात ठेवून पायांनी तुडवतात आणि त्यांतले पाणी काढून टाकतात. असा वाळवलेला बटाटा, म्हणजे ‘चुन्यो’, वर्षानुवर्षे टिकतो.

या वाटेची एक जुनी गोष्ट आहे. १९५२ साली अर्जेंटिनाचे दोन मित्र मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका पाहायला निघाले. एक आल्बेर्तो ग्रानादो, दुसरा वैद्यकाचा विद्यार्थी अर्नेस्टो गेव्हारा, ज्याला पुढे जग ‘चे’ म्हणून ओळखू लागले. त्यांची नॉर्टन गाडी चिलीतच निकामी झाली. टिटिकाकापर्यंत ते पोहोचले मालट्रकच्या पाठीवर, आयमारा शेतकऱ्यांच्या दाटीत बसून. गाडी गेली म्हणून त्यांना त्या माणसांचा शेजार मिळाला.

आपल्यालाही पुनोला गाडी काठावर ठेवावीच लागते. पुढचा प्रवास होडीचा, कारण पुढची गावे पाण्यावर तरंगतात.

हे उरू लोक. सरोवरात ‘तोतोरा’ नावाचे, लव्हाळ्याच्या जातीचे, पुरुषभर उंचीचे गवत वाढते. त्याच्या मुळांचे जाड गड्डे पाण्यावर तरंगतात. ते ठोकळ्यांसारखे कापायचे, एकमेकांना दोरांनी बांधायचे, वर कापलेल्या तोतोराचे थर आडवेउभे अंथरायचे आणि बेट वाहून जाऊ नये म्हणून खुंटांना बांधून ठेवायचे. घर तोतोराचे, होडी तोतोराची. त्याचा पांढरा कोवळा बुडखा सोलून खायचासुद्धा. पण खालचा थर सतत कुजत असतो. म्हणून दर थोड्या दिवसांनी वर नवा थर घालावा लागतो. आपण पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो. हे लोक पायाखालची जमीन शाकारतात! आणि एका बेटावरच्या कुटुंबांचे अगदीच पटेनासे झाले, तर करवतीने बेट कापून वेगळे होतात.

या लोकांकडे पाहून काही प्रवासी नाक मुरडतात. म्हणतात, ‘यांच्या झोपड्यांवर सौरपट्ट्या आहेत, मुले शाळेत जातात, यांनी स्वतःचे रेडिओ केंद्रसुद्धा काढले, मग हे खरे आदिवासी कसले? हा सगळा पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा.’ मला हा आक्षेप मान्य नाही. पुनोजवळच्या उरूंची मूळ भाषा लोपली, आता ते आयमारा बोलतात. १९८६ च्या पुरानंतर अनेकांनी आपली बेटे किनाऱ्याजवळ आणली. म्हणजे बदल त्यांना नवा नाही. ज्यांची जमीनच महिन्याला नवी होते, त्यांनी तेवढे जुनेच राहावे, असा हट्ट आपण का धरावा?

प्रश्न खरा दुसराच आहे : काय बदलायचे हे कोणी ठरवायचे? जवळच ताकिले नावाचे खडकाळ बेट आहे. तिथले लोक केचुआ बोलतात. पुरुष लोकरीच्या टोप्या विणतात, बायका मागावर पट्टे विणतात, आणि काही पट्ट्यांवर शेतीच्या बारा महिन्यांची चिन्हे असतात. या विणकामाला २००५ साली युनेस्कोने मानवजातीचा ठेवा म्हणून गौरवले. १९७० नंतर पाहुणे येऊ लागले, तेव्हा बेटकऱ्यांनी होड्या स्वतःच्या ठेवल्या आणि पाहुणा कोणाच्या घरी उतरेल हे पाळीपाळीने ठरवले. पुढे शहरातल्या सहलकंपन्यांनी यातला मोठा वाटा ओढून घेतला. म्हणून स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्याला एक सुचवावेसे वाटते. कापाचिका द्वीपकल्पावरच्या याचोन गावापर्यंत रस्ता जातो. तिथे शेतकऱ्याच्या घरी उतरा आणि तिथूनच होडीने ताकिलेला जा. पैसा ज्याचा त्याच्या हाती पडेल.

मोठे संकट मात्र पाण्याचे आहे. शहरांचे सांडपाणी सरोवरात येते. २०२३ च्या दुष्काळात तर पातळी इतकी उतरली, की काठचा तोतोरा वाळला आणि होड्या चिखलात रुतल्या. तोतोरा नाही तर जमीन नाही. तिथे ही म्हण नव्हे, रोजचा व्यवहार आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढाल तेव्हा या निळ्या ठिपक्यावर थोडे थांबा. मग मुलांना विचारा : आपल्या गावातली कोणती गोष्ट कोणीतरी दर वर्षी नवा थर घालतो म्हणून टिकून आहे? शेताचा बांध, विहिरीचा उपसा, देवळाचे छप्पर? आणि तो थर घालणारे हात कोणाचे? उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत.