आजाऱ्याचं धुणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा लागला, विहिरींत गढूळ पाणी उतरलं की आपल्या वऱ्हाडात हगवण-उलट्यांचे रुग्ण वाढतात. पाणी उकळून प्या, मीठ-साखरेचं पाणी द्या, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पण रुग्ण दवाखान्यातून घरी आला की आपण सुटलो, असं समजतो. खरं तर घरातलं काम तिथून पुढे सुरू होतं. त्याची गोधडी, त्याचे कपडे, मोरी, संडासाची कडी, नळाची तोटी, पाण्याचा गडवा... रोग पाण्यातून येतो, तसाच या वस्तूंवरून हाताला आणि हातावरून भाकरीला लागतो. आरोग्यसेवेत असताना मी हे अनेकदा पाहिलं. पोर उठून खेळायला लागतं आणि त्याचं धुणं धुणारी माय दोन-तीन दिवसांत आडवी पडते.

धुण्याच्या पाण्याने केवढा अनर्थ होतो, याचं जगप्रसिद्ध उदाहरण लंडनचं आहे. साल १८५४. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या वस्तीत एका तान्ह्या बाळाला हगवण लागली. आईने दुपटी बादलीत खळबळली आणि ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतलं. खड्ड्याचं बांधकाम खचलेलं, आणि सार्वजनिक पंपाची विहीर तिथून जेमतेम तीन फुटांवर. त्या परिसरात पाचशेहून अधिक माणसं कॉलऱ्याने गेली. पंपाच्या पाण्यावर बोट ठेवलं डॉ. जॉन स्नो यांनी. बाळाच्या आईपर्यंत माग काढला हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने. त्या माऊलीचा दोष कसला? तिला कोणी सांगितलंच नव्हतं. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचे जंतू ओळखले ते १८८४ मध्ये.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. जुलै २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीच्या दूषित पाण्याने साथ पसरली आणि माणसं दगावली. म्हणून पहिला नियम असा : आजाऱ्याचं धुणं नदीवर, विहिरीवर किंवा हातपंपाच्या ओट्यावर न्यायचं नाही. ते घरीच धुवायचं आणि पाणी संडासात टाकायचं. संडास नसेल तर पिण्याच्या पाण्यापासून निदान पन्नास फूट लांब खड्डा करून त्यात ओतायचं आणि वर माती लोटायची.

आता कृती. भरलेले कपडे झटकू नका, अंगाशी कवटाळून नेऊ नका. हातात रबरी मोजे घाला. नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी चालेल. आधी घाण काढून संडासात टाका. मग कपडे साबणाने धुवा आणि दहा मिनिटं खळखळ उकळा. सरपण किंवा गॅस परवडत नसेल, तर दहा लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, ब्लीचिंग पावडर कालवा आणि धुतलेले कपडे त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. नंतर स्वच्छ पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. कॉलऱ्याचे जंतू कोरडेपणात तग धरत नाहीत. ओलसर चिंध्यांत मात्र जगतात. ब्लीचिंगने रंग उडतो, तेव्हा रंगीत लुगडी उकळलेलीच बरी. गोधडी उकळता येत नसेल, तर साबणाने धुऊन दोन्ही बाजूंनी पुरतं ऊन द्या. वॉशिंग मशीन असेल, तर हे कपडे वेगळे आणि गरम पाण्यात धुवा. खारपाण पट्ट्यातल्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. तिथे डिटर्जंट पावडर वापरा.

फरशी, मोरी, संडास यांच्यासाठी द्रावण जास्त तीव्र हवं : तीच चमचाभर पावडर, पण एकाच लिटर पाण्यात. आधी घाण पुसून काढा, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीचिंग घाणीतच वाया जातं. मग द्रावण दहा मिनिटं राहू द्या आणि पाण्याने धुवा. कडी-कोयंडे, विजेची बटणं, मोबाईल हे फडक्याने पुसून घ्या. बटणांवर पाणी मात्र ओतू नका. शेणाने सारवलेली भुई असेल, तर भिजलेला थर खुरप्याने खरवडून पुरून टाका, जागा उन्हात वाळू द्या आणि मगच सारवा.

तीन गोष्टी विसरू नका. द्रावण रोज ताजं करा. उघडी पडलेली पावडर निर्जोर होते. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचं अॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि फिनाईलचा वास आला म्हणजे जंतू मेले, असं नाही. सॅनिटायझरवरही भिस्त ठेवू नका. उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणीच खरं. रुग्णाला बरं वाटलं तरी पुढे काही दिवस त्याच्या विष्ठेतून जंतू जातच असतात. तेवढे दिवस त्याचा टॉवेल, ताट, गडवा वेगळा ठेवा आणि त्याला इतरांसाठी स्वयंपाक करायला लावू नका.

अंजनगाव सुर्जी तालुक्यात हे सांगताना गाडगेबाबांची आठवण होणारच. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी याच तालुक्यातल्या शेंडगावात, परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. लोकांचे मळके कपडे धुणाऱ्यांच्या घरातल्या या माणसाने पुढे खराटा हाती घेऊन गावंच्या गावं झाडली. दिवसा झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं धुवायची, हा त्यांचा क्रम. राज्याने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्याला त्यांचंच नाव दिलं. पण दर्शनी आवार झाडलं आणि मागच्या मोरीत आजाऱ्याची घाण तशीच राहिली, तर ते अभियान अर्धंच राहिलं.

आणि एक सांगायचं आहे. आजाऱ्याचं धुणं मुकाट्याने घरच्या सुनेच्या किंवा कामवाल्या बाईच्या पुढ्यात ढकलू नका. परिटाकडे तर ते कपडे न सांगता मुळीच देऊ नका. उकळून, वाळवून मगच द्या. दुसऱ्याच्या हाताला आपला रोग लागू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो. त्याला खर्च लागतो तो साबणाच्या वडीचा, चमचाभर पावडरीचा आणि दिवसभराच्या उन्हाचा. ऊन तर आपल्याकडे उदंड आहे.