दीड महिन्याच्या डोसाला आईचीही विचारपूस



बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ जणींना उगाचच रडू येतं. शरीरातली संप्रेरकं झपाट्याने उतरलेली असतात, झोप मोडलेली असते. बहुतेकींचं हे आठ-दहा दिवसांत आपोआप निवळतं.

दोन आठवडे उलटूनही मन उभारी धरत नसेल, तर तो आजार समजावा. बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही. किंवा त्याची इतकी धास्ती वाटते की ते झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही. आळिवाची खीर पुढ्यात तशीच राहते. ती बोलत नाही, कारण ‘इतकं गोजिरं बाळ झालंय, आता रडतेस कशाला?’ हे ऐकावं लागतं.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी आयांची पाहणी केली. २००२ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही त्यामागची मोठी कारणं होती. मुलगा झाला की मुलगी, यानेही फरक पडत होता. तेव्हा दोष बाईच्या स्वभावाला देऊ नका.

सहा आठवडे म्हणजे बाळाच्या दीड महिन्याच्या डोसाचे दिवस. बाळाचं वजन होतं, लस होते आणि आई तशीच घरी परतते. त्याच दिवशी आशाताईंनी, सिस्टरांनी किंवा घरातल्या कुणीही तिला बाजूला घेऊन विचारावं: ‘गेल्या आठवड्यात मनापासून हसलीस का? बाळ निजल्यावर झोप लागते का? जीव नकोसा वाटतो का?’ शेवटचा प्रश्न विचारायला कचरू नका. विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

या आजारावर उपचार आहेत. काहींना समुपदेशन पुरतं, काहींना औषध लागतं. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत. मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीत बोलता येतं.

बाळंतिणीला भास होत असतील, ती असंबद्ध बोलत असेल, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर अंगारे-धुपाऱ्यांत वेळ न घालवता तिला तत्काळ रुग्णालयात न्या. तोवर तिला एकटं सोडू नका.

तुमच्या घरी किंवा शेजारी बाळंतीण असेल, तर बाळाला बघायला जाल तेव्हा आधी तिच्याजवळ बसा आणि तिला बोलू द्या.