तोल सांभाळणारा कान

लहानपणीं फुगडी घातली नाहीं असें माणूस आपल्याकडे विरळाच. फुगडी थांबते, पाय जमिनीवर स्थिर असतात, आणि तरीही ओटा, तुळशीवृंदावन, माजघराचें दार हीं सारीं आपल्याभोंवतीं फिरतच राहतात. आपण हसतों, क्षणभर डोळे मिटतों आणि दुसऱ्या फुगडीस उभे राहतों. परंतु रस्ता ओलांडतांना नुसती मान वळवितांच सारें जग असें फिरूं लागलें, तर हसूं येत नाहीं. ज्यांना असें होतें त्यांच्याविषयीं, आणि त्यांना पुन्हा पायांवर उभें करणाऱ्या शिक्षणाविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

कानाच्या आंत, हाडाच्या पोकळींत, तीन अर्धवर्तुळाकृति नलिका एकमेकींशीं काटकोनांत बसविलेल्या आहेत. डोकें वळलें कीं नलिका वळते, पण तींतील द्रव जडत्वामुळें मागें रेंगाळतो. त्यानें एक मऊ पडदा वांकतो आणि मेंदूला वर्दी जाते. फुगडींत हळूंहळूं द्रवही फिरूं लागतो, आणि आपण थांबलों तरी तो थांबत नाहीं. मेंदूला मिळालेली ही खोटी वर्दी म्हणजेच भोवळ.

हें ज्ञान फार जुनें नाहीं. १८६१ सालीं पॅरिस येथें प्रॉस्पर मेनिएर यांनीं भोवळीचें मूळ आंतरकर्णांत असूं शकतें असें मांडलें. तोंवर अशा रोग्यांच्या मेंदूंत रक्त चढलें आहे असें समजून त्यांचें रक्त काढीत. पुढें व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनीं कानांत थंड पाणी सोडलें तर डोळे एका दिशेस हिसके घेतात व ऊन पाणी सोडलें तर उलट दिशेस, हें दाखवून कानाच्या परीक्षेची रीत घालून दिली. त्यांना १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें जाहीर झालें तेव्हां ते रशियांत युद्धकैदी होते.

दोन्हीं कानांचें हें इंद्रिय नष्ट झालें तर काय होतें? १९५२ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत एका डॉक्टरानें, खालीं केवळ आद्याक्षरें घालून, स्वतःची हकीकत प्रसिद्ध केली. स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचारानें त्याचें तोलाचें इंद्रिय गेलें होतें. अंथरुणांत पडून वाचतांना नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशीं डोकें किंचित् हाले आणि पानावरचीं अक्षरें उडूं लागत. शेवटीं पलंगाच्या उशाकडील दोन गजांमध्यें डोकें घट्ट अडकवून तो वाची! आपलें डोकें दिवसभर हालत असतें आणि तरीही अक्षर स्थिर दिसतें, याचें श्रेय कानाला आहे हें आपल्या गांवींही नसतें.

परंतु तोलाच्या खटल्यांत कान हा एकटाच साक्षीदार नव्हे. डोळे आहेत, आणि तळपायांची व सांध्यांची जाणीव आहे. एक साक्षीदार खोटें बोलूं लागला तर मेंदू दुसऱ्या दोघांवर भर देण्यास शिकतो. बिघडलेल्या कानाची वर्दीही नव्यानें लावून घेतो. अट एकच: त्याला चुकण्याची संधि मिळाली पाहिजे. आणि येथेंच आपला प्रेमळपणा आड येतो. आईला भोवळ येते, म्हणून आपण तिला उठूं देत नाहीं. तीही मान ताठ धरून, भिंतीला चिकटून चालते. भोवळ दाबणारीं औषधें पहिले कांहीं दिवस ठीक. पण महिनोन्‌महिने घेतलीं तर मेंदूचें हें शिकणेंच मंदावतें.

१९४० नंतरच्या दशकांत लंडनमध्यें टेरेन्स कॉथॉर्न आणि एफ. एस. कुक्सी यांनीं हें ओळखून कानाची शस्त्रक्रिया झालेल्या व डोक्यास मार लागलेल्या रोग्यांसाठीं व्यायाम बसविले. आरंभ अंथरुणांतच: डोळे वर-खालीं, मग डावीकडे-उजवीकडे; नंतर मान, प्रथम सावकाश, मग जलद; शेवटीं डोळे मिटून. मग बसून खालची वस्तु उचलणें, उभें राहून चेंडू एका हातांतून दुसऱ्या हातांत उडविणें, खोलींतून डोळे मिटून चालणें, जिना, उतार, आणि अखेर चेंडूचे खेळ. रुग्णालयांत खेळ, हें कित्येकांस पोरकट वाटलें असेल. पण एका बाजूचा कान बिघडलेल्यांना असें शिक्षण हितकारक व निर्धोक ठरतें, हें पुढील तुलनात्मक चाचण्यांत दिसून आलें आहे. दोन्हीं कान गेलेल्यांची सुधारणा इतकी पुरी होत नाहीं.

आणखी एक सोपा व्यायाम आहे. हातभर अंतरावर भिंतीला एक ठळक अक्षर चिकटवावें, त्यावर नजर खिळवून मान डावी-उजवीकडे हालवावी. अक्षर पुसट होऊं लागेल इतपतच वेग ठेवावा. तें पुसट होणें हीच मेंदूची शिकवणी. थोडी भोवळ येणारच. ती कांहीं वेळानें निवली म्हणजे मात्रा बरोबर आहे.

विस्कॉन्सिन येथील पॉल बाख-इ-रीटा यांनीं तर नवा साक्षीदारच उभा केला. डोकें किती कललें हें मोजणारें उपकरण टोपींत बसवून त्यांनीं त्याची खूण जिभेवर ठेवलेल्या पट्टीकडे पाठविली. डोकें पुढें झुकलें कीं जिभेवरील झिणझिणी पुढें सरके. कान निकामी झालेलीं माणसें या खुणेवर डोळे मिटून सरळ उभीं राहिलीं. कांहींचा तोल टोपी काढल्यावरही कांहीं काळ टिकला. ही टिकाऊ सुधारणा कितपत भरंवशाची याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाहीं, आणि अशा यंत्रासाठीं कोणी घर गहाण टाकावें असें मला वाटत नाहीं. कारण याच तत्त्वाचें एक बिनखर्चाचें साधन घरोघर आहे. उभें असतां बोटाचें टोक भिंतीला हलकेंच, शंभर ग्रॅमांहूनही कमी भारानें, टेकलें तरी शरीराचें डुलणें कमी होतें. एवढ्यानें आधार कसला मिळणार? मिळते ती बातमी. काठीचाही अर्धा उपयोग हाच.

मात्र प्रत्येक भोवळ व्यायामाची नव्हे. कूस वळतांच क्षणभर येणारी गरगर पुष्कळदां आंतरकर्णांतील चुन्याचे कण नलिकेंत शिरल्यानें येते. ते कण डॉक्टर डोकें विशिष्ट क्रमानें वळवून परत जागीं नेतात. भोवळीबरोबर बोबडी वळली, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसूं लागले किंवा एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर व्यायामाचें नांव न काढतां रुग्णालय गांठावें.

घरच्यांसाठीं एवढेंच: डोळे मिटून करावयाचे व्यायाम कोपऱ्यांत, पुढें खुर्ची ठेवून करवावेत, आणि जवळ उभें राहावें; हात धरूं नये. रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा. आणि दोन्हीं कान गेलेल्यास नदींत किंवा तलावांत एकट्यास पोहूं देऊं नये. डोळे मिटून पाण्याखालीं गेल्यावर वर कोणतें आणि खालीं कोणतें, हें सांगणारें त्याच्यापाशीं कोणीच उरत नाहीं.