माशी झोपते का?

आज विषय झोपेचा, आणि हीरो आहे केळ्यांवर घोंघावणारी बारीकशी फळमाशी.

मी भंडारा जिल्ह्यात, गावातल्या घरून सॉफ्टवेअरचं काम करतो. टीम अमेरिकेची, म्हणून मीटिंगा रात्री. आणि कृषिपंपाची लाइन रात्रीची असली की बाबा टॉर्च घेऊन उन्हाळी धानाला पाणी द्यायला निघतात. झोपा जरा म्हटलं, तर उत्तर ठरलेलं : "झोप त उद्या बी होते."

खरंच होते का? माशीला विचारू.

2000 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की फळमाशी झोपते. पण ती झोपली की नुसती बसली, हे कळणार कसं? काचेच्या नळीत एक माशी, आणि मधून इन्फ्रारेड किरण. माशी फिरली की किरण तुटतो आणि कॉम्प्युटर नोंद घेतो. आपल्या भाषेत, लॉग फाइल! 5 मिनिटं हालचाल नाही म्हणजे झोप, असा नियम पुढे रूढ झाला. झोपलेल्या माशीला उठवायला जास्त जोराचा धक्का लागतो. कॅफीन दिलं की ती जागते. आणि रात्रभर जागवली तर दुसऱ्या दिवशी जास्त झोपते. म्हणजे बाबा अर्धे बरोबर : उधारी फेडता येते.

आता दुसरी बाजू. 2005 मध्ये किआरा चिरेल्ली यांच्या गटाला एक अशी माशी सापडली, जी इतरांच्या साधारण एक तृतीयांशच झोपायची. तिच्या 'शेकर' जनुकात बिघाड होता. मेंदूच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर सोडणारी वाट या जनुकामुळे बनते. ही माशी बऱ्याच कामांत इतरांसारखीच चालायची. पण आयुष्य कमी. आता, हे जनुक इतरही कामं करतं, म्हणून सगळा दोष झोपेवर टाकता येत नाही. पण वरून ठीक दिसणं म्हणजे ठीक असणं नव्हे, एवढं नक्की.

आणि हे सगळं परदेशातलंच नाही बरं का. मुंबईच्या टीआयएफआरचे ओबैद सिद्दिकी यांनी सीमोर बेंझर यांच्यासोबत, उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंतले विद्युत संकेत तपासले. तो शोधनिबंध 1976 चा.

माशी म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण बाबांना झोपेवर लेक्चर देऊन काय उपयोग? उधारी फेडायलाही मोकळी रात्र लागते. माझी मीटिंग सरकवता येते, त्यांची लाइन नाही. झोपेचा प्रश्न इथे सवयीचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे.

तुमच्या घरी रात्रपाळी कोण करतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!